पोपटी लावू पाहणाऱ्यांसाठी काही सूचना

हवाई बेटांवर आख्खं डुक्कर जमिनीत पुरून भाजतात. अंगणात खड्डा खणायचा, त्यात लाकडं पेटवून लाव्हाचे दगड तापवायचे, दगडांवर केळीचे ठेचलेले बुंधे अंथरायचे, बुंध्यांवर डुक्कर, त्यावर पानं, ओली गोणपाटं आणि सगळ्यात वर माती. मग कित्येक तास तिकडे कोणी फिरकायचं नाही. हे सगळं मोबाइलवर बघून ज्यांचे हात शिवशिवू लागलेत, त्यांनी स्वतःला एकच प्रश्न विचारावा : बाल्कनीतली तुळस तरी आपल्याकडून जगली का? उत्तर द्यायला वेळ लागत असेल तर डुकराचा नाद सोडावा आणि शेंगांपासून सुरुवात करावी.

शेंगा म्हणजे वालाच्या, आणि सुरुवात म्हणजे पोपटी, म्हणजे पाला आणि शेंगा भरलेलं मडकं उपडं करून आगीत लावणं. तत्त्व तेच आहे : आत ओलावा, बाहेर आग, मध्ये पाला आणि माणसानं लुडबुड न करणं. पहिल्या तीन गोष्टी रायगड जिल्ह्यात डिसेंबर ते फेब्रुवारी हव्या तेवढ्या मिळतात. चौथी कुठेच मिळत नाही, म्हणून या सूचना.

जागा

अलिबाग, पेण, रोहा, मुरूड, पनवेल, उरण हा पोपटीचा मुलूख. भाताची कापणी झाली की खाचरात जी ओल मागे राहते, तिच्यावर आणि थंडीच्या दवावर वाल पोसतो. शेत स्वतःचं असलं की जागा शोधावी लागत नाही. तिन्हीसांजेला शेंगा काढायच्या, बांधाच्या आडोशाला मडकं लावायचं, तिथेच बसून खायचं. शेंगा, पाला, पेंढा, काटक्या सगळं हाताच्या अंतरावर.

तुमच्याकडे शेत नाही. तुमच्याकडे, किंवा तुमच्या मित्राकडे, अलिबागजवळ ‘प्लॉट’ आहे. प्लॉटवर बंगला आहे आणि बंगल्यापुढे लॉन आहे. लॉनच्या जागी पूर्वी वाल होता आणि कडेनं भांबुर्डा माजलेला असे. जमीन विकली गेली तसा वाल गेला. भांबुर्डा माळ्यानं तण म्हणून उपटला, कारण तसं तुम्हीच सांगितलं होतं. आता दोन्ही बाहेरून पैसे मोजून आणायचे आहेत. असो. लॉनवर मात्र जाळ करू नये. तिथे जो काळा गोल डाग पडतो, तो पुढच्या पावसापर्यंत टिकतो आणि तोवर येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला तुमच्या नावासकट दाखवला जातो. गाडी लावतात ती मुरमाची जागा उत्तम. गाडी आधी काढावी.

वाऱ्याचाही विचार करावा. किनाऱ्यालगत दिवसभर समुद्रावरून जमिनीकडे वारा येतो, ते खारे वारे. अंधार पडला की जमीन समुद्राआधी निवते आणि वारा उलट फिरतो, ते मतलई. शाळेत हे आपण आकृतीसह लिहिलेलं असतं, पण उपयोगी पडेल असं तेव्हा कोणी सांगितलेलं नसतं. संध्याकाळी धुराच्या विरुद्ध बाजूला ऐटीत अंथरलेली सतरंजी जेवणाच्या सुमाराला बरोबर धुरात सापडते. सासरची मंडळी येणार असतील तर हे वेळापत्रक आधीच समजून घ्यावं. त्यांना कुठे बसवायचं हा ज्याचा त्याचा प्रश्न.

साहित्य

मडकं मातीचं, पोट मोठं आणि तोंड बेताचं. विकत घेताना पेरानं वाजवून बघावं. खणखणीत वाजलं तर घ्यावं, बद्द वाजलं तर कुठेतरी चीर आहे. हल्ली पाहुण्यांना आवडतात म्हणून रंगवलेली मडकीही मिळतात. ती जिन्याखाली शोभतात. आगीत रंग जळतो आणि त्याचा वास शेंगांना लागतो.

आठ-दहा माणसांना तीनेक किलो शेंगा लागतात. शेंग हिरवी आणि भरलेली हवी, आतल्या दाण्याचा उंचवटा बोटाला लागला पाहिजे. चपटी कोवळी शेंग वाफेत मेणचट होते आणि पिवळी पडलेली शिजता शिजत नाही. शेंगा धुवायच्या, पण सोलायच्या नाहीत, मोडायच्या नाहीत. इथे घरातली एक मावशी पुढे येऊन “शिरा काढून देऊ का?” असं विचारतेच. आयुष्यभर शेंगा निवडलेल्या हाताला स्वस्थ बसवत नाही. तिला नाही म्हणू नये, बटाटे धुवायला द्यावेत.

पाला भांबुर्ड्याचाच. हे गुडघ्याएवढं झुडूप शेताच्या कडेनं, पडीक जागेत आपोआप उगवतं. पानं मऊ, लवदार, कडा कातरलेल्या, आणि चुरगळलं की कापराच्या अंगानं जाणारा उग्र वास. पुण्यातल्या शिवाजीनगरचं जुनं नाव भांबुर्डे असलं, तरी तो आणायला तिथे जाऊ नये. पर्याय म्हणून पुदिना, कोथिंबीर आणि बेसिल सुचवले जातील. सुचवणाऱ्याचे आभार मानावेत. भांबुर्डा मडक्यात तीन कामं करतो : शेंगांना तळाशी आणि कडेला करपू देत नाही, मडक्याचं तोंड बुजवतो आणि पोपटीला पोपटीचा वास देतो. पुदिन्यानं यातलं एकही होत नाही. पाला काढताना तो ओळखणारं माणूस सोबत असू द्या. रानातल्या सगळ्याच उग्र वासाच्या झुडपांना मडक्यात जागा देता येत नाही.

मीठ जाडं, पेण-उरणकडच्या मिठागरांचं मिळालं तर बघायलाच नको. ओवा मूठभर. तेल नाही. पाणी नाही. हे दोन नकार नवशिक्यानं मडक्यावर खडूनं लिहून ठेवावेत, कारण तुमची पाठ फिरताच कोणीतरी मायेनं वाटीभर पाणी आत ओतणार आहे.

याच्या पलीकडचं सारं ऐच्छिक : बटाटे, रताळी, छोटी वांगी, कांदे, अंडी. आणि कोंबडी. खरं तर ऐच्छिक म्हणून आलेली कोंबडीच आता यजमानीण होऊन बसली आहे. शेंगांची पोपटी म्हटलं की पाहुणे “बरं” म्हणतात, चिकनची म्हटलं की “किती वाजता?” विचारतात. चिकनला आलं, लसूण, हिरवी मिरची, कोथिंबीर यांचं वाटण, हळद, मीठ, लिंबू आणि घरचा मसाला लावून तासभर ठेवावं. मग केळीच्या पानात बांधावं. पान आधी आचेवरून फिरवून घ्यावं, म्हणजे ते मऊ पडतं. तसंच कोरं घेतलं तर पहिल्या घडीला शिरेवर फाटतं. पुडी सुती दोऱ्यानं बांधावी. प्लास्टिकच्या सुतळीनं बांधून पुढे काय होतं ते बघण्याची हौस इतर दिवशी भागवावी.

२०२० पासून भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो बोट चालू झाली आहे. गाडी बोटीत चढवायची आणि पलीकडे उतरवायची. सोय फार चांगली. फक्त, पूर्वी गेटवेवरून लाँचनं हात हलवत येणारा पाहुणा आता डिकी भरून येतो. डिकीत पेरी-पेरीची बाटली असते, बार्बेक्यू सॉस असतो, पनीर टिक्क्याचा डबा असतो आणि “मी जस्ट ट्राय करायला आणलंय” हे वाक्य असतं. सगळं हसतमुखानं उतरवून घ्यावं, फ्रिजमध्ये मागच्या बाजूला ठेवावं आणि त्यांची बोट सुटायच्या वेळी आठवणीनं परत करावं.

माणसं

पोपटीला जाणकार एकच असावा. शक्यतो तो तुम्ही नसावा. वाडी राखणारे दादा, शेजारच्या गावातले कोणी काका, ज्यांनी लहानपणापासून ही मडकी लावली आहेत, त्यांना मान देऊन बोलवावं. मजुरीला म्हणून बोलवू नये, जेवायला म्हणून बोलवावं. ते आले की सूत्रं आपोआप त्यांच्याकडे जातात. नाही गेली तर एकूण चार मतं तयार होतात.

पहिलं मत पुण्याच्या इंजिनिअरचं. त्यानं लेझरचा तापमापक आणलेला असतो. तो जाळावर रोखून आकडा मोठ्यानं वाचत राहतो. मडक्याच्या पोटात काय चाललंय ते त्या यंत्राला कळत नाही, पण त्याला हे सांगायची घाई करू नये. आकडे वाचणारा माणूस निदान मडक्याला हात लावत नाही.

दुसरं मत देशावरच्या भाऊजींचं. त्यांच्याकडे हुरडा असतो. आगटी पेटवायची, ज्वारीची कोवळी कणसं भाजायची, हातावर चोळायची आणि गरम गरम दाणे दह्याबरोबर, शेंगदाण्याच्या चटणीबरोबर खायचे. ते खातात उत्तम आणि सांगतातही उत्तम. मडकं विस्तवावर असेपर्यंत ते हुरड्याचं माहात्म्य सांगत राहतील. त्यांना अडवू नका, वेळ बरा जातो. वाद घालायचाच असेल तर एवढंच विचारावं की भाऊजी, तुमच्यात अंडं कुठे ठेवतात?

तिसरं मत वलसाडचं. मुंबईहून अहमदाबादच्या हायवेला लागलं की त्या भागात हिवाळ्यात रस्त्याच्या कडेला मडकी उपडी घालून उंबाडियूं विकतात : पापडी, बटाटे, रताळी, कंद, हिरवा मसाला. कुळी एकच आहे हे उघड दिसतं. आधी कोणाचं, हा विषय मात्र काढू नये. गुजराती शेजारी बरोबर असेल तर मुळीच नाही, कारण त्यानं कढी आणि चटणी आणलेली असते.

चौथं मत शाकाहारी मंडळींचं आणि ते रास्त आहे : त्यांचं मडकं वेगळं हवं. वेगळं म्हणजे खरंच वेगळं. “चिकन वरच्या थरात आहे, तुम्ही खालच्या शेंगा घ्या” हे उत्तर नाही. तसं उत्तर देणारा यजमान भूगोलासारखाच विज्ञानातही नापास आहे, कारण मडकं उपडं करायचं असतं.

भरणं

ही पायरी सावकाश करायची. मडक्याच्या तळाशी पाल्याचा जाड थर द्या. पाला नुसता टाकू नका, दोन्ही हातांनी जरा चुरगळून टाका. तळव्याला चिकट लागतं आणि वास नाकात चढतो. तो रात्री साबणानं हात धुतल्यावरही जात नाही. कडेनंही पाला उभा लावत जा. मग शेंगांचा थर, त्यावर मीठ आणि ओवा. मीठ वरून भुरभुरवलं तर ते वरच राहतं, म्हणून दादा शेंगा परातीत घेऊन मीठ-ओवा चोळतात आणि मगच भरतात. तसंच करावं. पुन्हा शेंगा. मधोमध कोंबडीच्या पुड्या आणि बटाटे, कारण सगळीकडून आच तिथे सारखी पोचते. अंडी शेंगांच्या गादीत, एकमेकांना आणि मडक्याला न टेकतील अशी. टेकलं की अंडं फुटतं आणि पुढे सगळ्या शेंगांना त्याचा साक्षात्कार होतो. मग परत शेंगा.

शेवटी तोंडाशी पाला. हा थर दाबून, ठासून भरायचा. दादा मुठीनं ठासतात, मग मडकं तिरकं करून बघतात, मग आणखी एक जुडी आत सारतात. आपल्याला वाटतं पुरे झालं, ते म्हणतात, “अजून बसतंय.” त्यांचंच ऐकावं. मडकं उपडं झाल्यावर आतला सगळा भार या बोळ्यावर येणार असतो.

उपडं का, याचं उत्तर सोपं आहे. शेंगांतला ओलावा तापला की त्याची वाफ होते आणि वाफ वर जाते. सुलट मडक्यात ती तोंडातून निघून गेली असती. उपड्या मडक्यात वर बूड असतं, तिथून तिला वाट नाही, म्हणून ती शेंगांतूनच फिरत राहते. सुटलेलं पाणी खाली उतरतं ते पाल्यात मुरतं. म्हणून तेल नको, पाणी नको. ज्यांना हे पटलेलं नाही त्यांच्या हातातली पाण्याची वाटी अजून तशीच असेल, ती काढून घ्यावी.

पेटवणं

जमिनीवर थोडं गवत, त्यावर मडकं उपडं. भोवती काटक्या, गोवऱ्या, वरून पेंढा, सुका पाला. काडी ओढा. पेंढा भसकन पेटतो आणि तितक्याच लवकर संपतो, आच टिकते ती काटक्यांची आणि गोवऱ्यांची. म्हणून एकीकडची आग बसली की तिकडे भर घालायची, म्हणजे मडकं चारी अंगांनी सारखं तापतं. रॉकेल, पेट्रोल, सॅनिटायझर यातलं काहीही वापरू नये. शेजारी पाण्याची बादली भरून ठेवावी. बंबवाल्यांना फोन केल्यावर “काय जळतंय?” या प्रश्नाचं उत्तर “शेंगा” असं द्यायची वेळ येऊ नये.

थांबणं

सर्वांत अवघड पायरी ही. अर्धा ते पाऊण तास काहीही करायचं नाही.

नवशिक्याला हे जमत नाही. तो लांब काठी शोधून आणतो आणि निखारे सारखे करतो. मग मडकं “जरासं फिरवतो”. मग काठीनं मडक्यावर टकटक करतो, का ते त्यालाही ठाऊक नसतं. दोन वर्षं गॅसवर चहासुद्धा न केलेला गृहस्थ आगीपुढे उभा राहिला की खानसामा होतो. कमरेवर हात ठेवतो, डोळे बारीक करतो आणि “अजून दहा मिनिटं” असं जाहीर करतो. बायका दुरून बघत असतात आणि काही बोलत नाहीत. ते न बोलणं नीट ऐकावं.

दर पाच मिनिटांनी कोणीतरी विचारणार : “दादा, झालं का हो?”

“नाही.”

“वास तर यायला लागला.”

“पाल्याचा आहे.”

“मग शेंगांचा कधी येतो?”

“आला की कळेल, ताई.”

यात सगळं शास्त्र आलं. पहिला वास पाल्याचा, हिरवा आणि उग्र. दुसरा मातीचा. शेवटी ओव्यात मुरलेल्या शेंगेचा, भाजका, गोडसर. तो एकदा आला की पुन्हा विचारावं लागत नाही. तरीही खात्री हवी असेल तर परीक्षा अशी : बोटं पाण्यात बुडवून मडक्याच्या पाठीवर चार थेंब शिंपडायचे. चर्र होऊन थेंब जागीच उडाले तर झालं. ओघळून खाली आले तर तुम्ही परत सतरंजीवर जाऊन बसा. सतरंजी एव्हाना धुरात असेल.

काढणं

आग बाजूला सारा. दोन गोणपाटं ओली करून त्यांनी मडकं धरा, सुलट करा आणि तोंडातला पाला काठीनं ओढून काढा. वाफेचा पहिला लोट येईल तेव्हा तोंड मागे घ्या. फोटो काढण्यासाठी वाकलेले चष्मेवाले तात्पुरते आंधळे होतील. मग मडकं केळीच्या पानांवर किंवा स्वच्छ चटईवर पालथं करून सगळं ओतायचं. अंडी कुठे आहेत यावरून मुलांत भांडण होईल, ते होऊ द्यावं.

कोंबडीची एक पुडी आधी उघडून जाड तुकडा हाडापर्यंत फाडून बघा. मांस गुलाबी असेल, रस लालसर असेल, तर सगळ्या पुड्या निखाऱ्यांवर आणखी ठेवा. इथे घाई करू नका. शेंगा जरा कमी शिजल्या तर दात कुरकुरतात, कोंबडी कमी शिजली तर दुसऱ्या दिवशीची सगळ्यांची रजा पडते.

शेंग खाताना ताट, काटा, चमचा मागू नये. शेंग टोकाला धरायची, दातांत हलकेच दाबून ओढायची. दाणे तोंडात येतात आणि साल हातात राहते. साल एका बाजूला करपलेली, दुसऱ्या बाजूला अजून हिरवी, आणि तिच्या आतल्या ओलीत मीठ उतरलेलं. बाजारात त्याच वालाची उसळ वर्षभर मिळते. ही चव तिच्यात शोधायला जाऊ नये.

उरलेल्या शंका

टेरेसवर चालेल का? शेजारी कोण राहतात त्यावर आहे, आणि शेजारी कोणीही राहत असले तरी नाही.

ओव्हनमध्ये होते का? शेंगा शिजतात. पोपटी होत नाही.

सगळं नीट भरलं, नीट लावलं, आणि मडकं मध्येच तडकलं तर? तडकतं कधी कधी. काठीनं राख सारून शेंगा वेचाव्यात, झटकून खाव्यात. राखेतल्याही चांगल्या लागतात.

मडक्यासाठी कोणाला बोलवायचं, हे ठरवायचं असेल तर आजच ठरवा. वाल फेब्रुवारीत संपतो, आणि दादांच्या शनिवार-रविवारच्या संध्याकाळी त्याआधीच भरतात.